रिकाम्या डब्याचं वजन

मुलुंड (पूर्व)
रविवार, १३ जुलै २०२५

शर्मिष्ठा,

तू माझा नंबर ब्लॉक केला आहेस. टपालखात्यात अजून ती सोय आलेली नाही, म्हणून हे पत्र.

गेल्या रविवारपासून, म्हणजे ६ जुलैपासून, मी तुझ्या आईवर आणि स्वतःवर एक प्रयोग सुरू केला आहे. हा शब्द तुमच्या पवईच्या प्रयोगशाळेच्या मालकीचा नसावा, असं धरून चालतो.

आईच्या आमवाताला तीन वर्षं झाली. सकाळी तिला पोळपाट उचलता येत नाही, हे तुला माहीत असण्याचं कारण नाही; तू तुझ्या पोळ्या बाहेरून मागवत असशील. डॉक्टर गोळ्या देतात त्या रोगप्रतिकारशक्ती दाबून ठेवणाऱ्या. पहारेकरीच घरात दगड मारायला लागला म्हणून त्याला गुंगीचं औषध द्यायचं, अशातला हा उपचार. माझा प्रश्न वेगळा आहे. पहारेकऱ्याला शिस्त कोण लावतं? उत्तर तू मला शिकवावंस असं नाही. आतड्यातले जिवाणू लावतात. आणि त्यांना शिस्त लावायची तर त्यांचं खाणं मोजून द्यावं लागतं.

जर्मनीतल्या मंडळींनी एका बाईला आठ आठवडे कमी खायला घातलं. मग तिच्या पोटातले जिवाणू घेऊन जन्मापासून जंतुरहित ठेवलेल्या उंदरांच्या पोटात सोडले. उंदरांची चरबी घटली आणि त्यांच्या प्रतिकारशक्तीच्या पेशी म्हाताऱ्या व्हायला उशीर लागला. हा निबंध मी अकरा दिवसांत वाचला, एकशे बेचाळीस शब्द शब्दकोशात पाहून. मी दहावीनंतर आयटीआय केलेला माणूस आहे आणि इंग्रजी वजनकाट्यांच्या मॅन्युअलांतून शिकलो, हे तू तुझ्या मैत्रिणींना हसत सांगायचीस. आता यावरही हस.

पद्धत अशी. आई रोज साधारण सोळाशे कॅलरी खाते. त्यातले तीस टक्के कमी, म्हणजे अकराशे वीस. भात, डाळ, भाजी, पोळी, सगळं सकाळी सात वाजता मी स्वतः मोजतो. काटा पाच किलोचा, एका ग्रॅमपर्यंत अचूक. चार स्टीलचे डबे भरतो. माझे दोन घेऊन साकीनाक्याला वर्कशॉपवर जातो. तिचे दोन घरी राहतात, एक दुपारी बाराचा, एक संध्याकाळी साडेसातचा. रात्री मी आलो की रिकामा डबा काट्यावर ठेवतो आणि वहीत नोंद करतो. आठ दिवस झाले, शिल्लक शून्य. तुझी आई आयुष्यात पहिल्यांदा माझ्या एखाद्या गोष्टीला वाद न घालता 'बरं' म्हणाली.

वजन ६ जुलैला ४९.२ किलो. आज ४८.३.

दोन वर्षांपूर्वी तुमच्या प्रयोगशाळेतला काटा दुरुस्त करायला मी आलो होतो, तेव्हा तू तुझ्या सरांना म्हणालीस, "सर, वजनकाट्यावाले आलेत." बाप हा शब्द त्यात बसला नाही. तुझं म्हणणं, मी सरांना चाळीस मिनिटं जिवाणूंवर व्याख्यान झोडलं आणि तुझी लाज काढली. बत्तीस मिनिटं. मी घड्याळ पाहिलं होतं. त्याच संध्याकाळी मी तुला सांगितलं, मी बोलावल्याशिवाय या घराची पायरी चढायची नाही. तो शब्द कायम आहे. हे पत्र बोलावणं नाही. तुझ्या सरांच्या टेबलावर ठेवता येईल असे आकडे मी नोव्हेंबरात पाठवीन, एवढंच कळवायचं होतं.

शरच्चंद्र


मुलुंड (पूर्व)
रविवार, २४ ऑगस्ट २०२५

शर्मिष्ठा,

तुझं उत्तर आईच्या फोनवर आलं. तिने मला वाचून दाखवलं. शेवटची ओळ ती गाळत होती, म्हणून फोन हातात घेऊन मी स्वतः वाचली.

'बाबा, निबंधातली बाई लठ्ठ होती. आई एकोणपन्नास किलो आहे. ती आधीच प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्यांवर आहे. तुम्ही थांबा. उंदराला नाही म्हणता येत नाही. आईलाही कधी आलं नाही.'

शेवटची ओळ छान जमली आहे. प्रयोगशाळेत असल्या ओळींना किती मार्क असतात?

लठ्ठ हा शब्द मी वाचला होता. ज्याचं वजन जास्त त्याचं जास्त कमी करायचं, ज्याचं कमी त्याचं बेताने. मी अर्धं खाणं तोडलेलं नाही, तीस टक्के तोडलं आहे. तू चार वर्षं ज्या उंदरांना खाऊ घालतेस त्यांनाही तुमचे लोक तीस-चाळीस टक्केच कमी देतात. तुला माझी टक्केवारी खटकत नाही. टक्केवारी काढणारा खटकतो.

आता निकाल ऐक. आईच्या बोटांची सूज उतरली आहे. उजव्या हाताच्या मधल्या बोटाचा घेर मी दोऱ्याने मोजतो. चार मिलिमीटरने कमी. गेल्या सोमवारी तिने लग्नातली अंगठी घातली. तीन वर्षांत पहिल्यांदा. आरशासमोर उभी राहून म्हणाली, "अहो, बघा की." मी बघितलं. तू असतीस तर म्हणाली असतीस, एका माणसावरून काही सिद्ध होत नाही. नसेल होत. पण अंगठी बोटात गेली.

एक गोष्ट मला बुचकळ्यात टाकते, आणि मी तुझ्यासारखा आकडे दडपणारा नाही, म्हणून लिहितो. माझ्या गणिताने आज वजन ४६.४ यायला हवं. येतं ४४.७. पावणेदोन किलोचा फरक. आमच्या धंद्यात आकडा मर्यादेबाहेर गेला की पहिला संशय काट्यावर घ्यायचा. मी माणसांचा काटा तीन वेळा उघडला, आतला भार जोखणारा लोडसेल बदलला, वर्कशॉपातून वीस-वीस किलोची प्रमाण वजनं आणून तपासला. काटा बरोबर आहे. म्हणजे शरीरच माझ्या अपेक्षेपेक्षा चांगला प्रतिसाद देतंय, हा एकच निष्कर्ष उरतो. माझं स्वतःचं वजन गणिताबरहुकूम उतरतंय, ७२ वरून ६९.१.

बाकी ठीक. हवा पावसाळी असल्यामुळे आईला थोडा खोकला आहे. सगळ्या सोसायटीला आहे.

आणि हो, 'आईला नाही म्हणता येत नाही' हे तू कोणत्या अनुभवावरून लिहितेस? तुझ्या लग्नासाठी मी आणलेल्या पाचही स्थळांना नाही म्हणायला तुला तिनेच शिकवलं. मला पाठीमागून सगळं ऐकू येतं.

शरच्चंद्र


मुलुंड (पूर्व)
मंगळवार, १६ सप्टेंबर २०२५

शर्मिष्ठा,

तुझी आई गेल्या बुधवारपासून पालिकेच्या रुग्णालयात आहे. क्षय. दोन्ही फुप्फुसांत. वजन ४०.९. वॉर्डात चोऱ्या होतात म्हणून तिचा फोन माझ्याकडे आहे, तेव्हा त्यावर अश्रू पाठवू नकोस. ते मलाच वाचावे लागतात.

तू लगेच म्हणशील, मी सांगितलं होतं. थांब. आधी पूर्ण वाच आणि मग कोणी काय केलं ते ठरव.

शुक्रवारी आमच्या इमारतीचा वॉचमन राजाराम तिला बघायला आला. पायाशी उभा राहून रडायला लागला. मी म्हटलं, बाबा रे, तुझी कोण लागते? तर म्हणाला, "साहेब, काकूंनी दोन महिने रोज संध्याकाळी मला जेवू घातलं. डबा खाली आणून द्यायच्या, समोर बसून 'संपव' म्हणायच्या, धुवून घेऊन जायच्या. आता मी तो घास कुठल्या तोंडानं आठवू?"

रोज. संध्याकाळचा डबा. २८० ते ३१० ग्रॅम.

म्हणजे ती अकराशे वीसवर नव्हती. ती साडेपाचशेवर होती. मी रोज रात्री रिकामा डबा मोजत होतो आणि वहीत तिचं पोट भरत होतो. चौतीस वर्षं मी दुकानदारांना सांगत आलो की काट्यावर काय ठेवलंय ते आधी डोळ्यांनी बघ, मग आकडा वाच.

का, हे तिने मला सांगितलं नाही. डॉक्टरीणबाईंना सांगितलं. संघमित्रा नावाच्या आहेत, तुझ्याच वयाच्या, फटकळ. वॉर्डात संध्याकाळचं ताट आलं की आई बाजूला सारते. बाईंनी पडदा ओढला आणि विचारलं, "मावशी, मला खरं सांगा. घरी कोणी जेवू देत नाही का?" मी पडद्याच्या बाहेर उभा होतो.

तुझी आई म्हणाली, "तसं नाही हो. चातुर्मास पाळलाय. एकवेळचं जेवण, आणि दुसऱ्या वेळचं कोणाच्या तरी मुखी. आषाढीपासून कार्तिकीपर्यंत."

"कशासाठी?"

"मुलगी दोन वर्षं घरी आलेली नाही. ह्यांनी आपणहून तिला घरी बोलवावं, यासाठी. कोणाला सांगितलं तर व्रताचं फळ जातं, म्हणून बोलले नाही. आणि ह्यांना व्रतंबितं चालत नाहीत. पण ह्यांनीच जेवण कमी करायला घेतलं, तेव्हा म्हटलं बरंच झालं. मी बारीक झाले तरी कोणी विचारणार नाही."

आता ठरव. माझा हिशोब बरोबर होता. माझ्या हिशोबाने ती आज पंचेचाळीसच्या आसपास असती, बोटात अंगठी असती. गोळ्यांनी पहारेकरी झोपलेला होता हे मला माहीत होतं, तेवढ्यापुरती कपात मी केली होती. त्याच्या पुढची कपात माझी नाही. ती तुझ्या नावाची आहे. तू बाप ओळखला असतास तर ही बाई आज दोन वेळा जेवत असती. मी तिला तीस टक्के उपाशी ठेवलं. राहिलेले पस्तीस टक्के तू. ही टक्केवारी तपासून घे, तू शिकलेली आहेस.

शरच्चंद्र


मुलुंड (पूर्व)
सोमवार, २९ सप्टेंबर २०२५

शर्मिष्ठा,

तुझी चार पानं मिळाली. पहिल्यांदाच हाताने लिहिलेलं पाठवलंस. अक्षर अजून घाणेरडं आहे.

तू मला खुनी म्हणतेस, ते असो. 'आई व्रत करत होती हे तुम्हाला दोन महिने एकाच घरात राहून कळलं नाही, आणि तुम्ही तिच्या पोटातल्या जिवाणूंबद्दल बोलता' हे वाक्य मात्र मी दोनदा वाचलं. ते खोडता येत नाही. पुढे जाऊ.

आईला भेटायची परवानगी तू माझ्याकडे मागितली आहेस. मागितलीस हे योग्य केलंस. माझ्या अटी पुढे लिहिल्या आहेत. त्याआधी वॉर्डातली हकीकत.

औषधं चालू झाली, ताप उतरला, पण संध्याकाळचं ताट ती घेत नव्हती. शनिवारी डॉक्टर संघमित्रांनी मला कॉरिडॉरमध्ये गाठलं. "काका, क्षयाच्या गोळ्या उपाशी पोटाला झेपत नाहीत. आतडं रिकामं राहिलं तर जिवाणूंची वाट लागते, आतड्याचं अस्तर पातळ होतं, नको ते रक्तात शिरतं. कमी खाण्याचे फायदे तुम्ही मला परवा अर्धा तास समजावलेत. ते ज्याच्या अंगात साठा आहे त्याला. यांच्या अंगात आता काय आहे कमी करायला? दोन आठवड्यांत वजन वर गेलं नाही तर मी काही सांगू शकत नाही."

मी म्हटलं, "मग तुम्ही समजवा तिला."

"मी रोज समजावते. त्या हसतात. त्यांना माझ्याकडून काही नकोच आहे. जे हवंय ते तुमच्याकडे आहे. एक फोन करा ना मुलीला! किती जड आहे तो फोन?"

ही बाई माझ्या वर्कशॉपात असती तर पहिल्याच दिवशी काढून टाकली असती.

त्या संध्याकाळी मी तुझ्या आईच्या खाटेशी बसलो. ताट आलं. तिने नेहमीसारखं बाजूला केलं. मनगट इतकं बारीक झालंय की बांगडी कोपरापर्यंत जाते. मी म्हटलं, "सुनंदा, जेव."

"दुपारी जेवलेय."

"जेव. मी शर्मिष्ठाला पत्र टाकलं. घरी ये म्हणून लिहिलं."

तिने माझ्याकडे बघितलं. "खरंच? तुम्ही आपणहून?"

"आपणहून. आज सकाळी."

तिने ताट ओढलं. खिचडी, अंडं, अर्धं केळं. सगळं खाल्लं. खाताना दोनदा विचारलं, काय लिहिलंत, आधी काय लिहिलंत. मी म्हटलं, लिहायचं ते लिहिलं. काल आणि आजही दोन्ही वेळा जेवली. ४०.१ वरून ४०.४.

पत्र टाकलेलं नाही. तेव्हा हे जे तुझ्या हातात आहे ते बोलावणं समजू नकोस. औषध म्हणून मी तिला एक वाक्य दिलं आहे, आणि ते लागू पडलं आहे.

माझ्या अटी: तुझ्या सरांना, माझ्यादेखत, तू सांगायचं की त्या दिवशी काटा दुरुस्त करायला आले ते माझे वडील होते. आणि मला लेखी कळवायचं की माझी पद्धत चुकीची नव्हती, पाळणाऱ्याने पाळली नाही. दोन्ही झालं की मी तुला भेटीची वेळ कळवीन.

तोपर्यंत तिला भेटायला येऊ नकोस. आलीस आणि 'मला पत्र मिळालं नाही' एवढं जरी तुझ्या तोंडून गेलं, तरी ती पुन्हा ताट सारेल. मग तिचं काय होईल ते तू जिवाणूशास्त्र शिकलेली आहेस, तुला माझ्याहून चांगलं कळतं.

शरच्चंद्र


मुलुंड (पूर्व)
रविवार, ५ ऑक्टोबर २०२५

शर्मिष्ठा,

काल तू आलीस.

मी खाटेच्या या बाजूला होतो, तोंडाला मास्क. तू दारातून आत येताना मी तुला मान हलवून 'नको' म्हटलं. तू पाहिलंस आणि पुढे आलीस. तुझ्या आईने उठून बसायचा प्रयत्न केला आणि तिच्या घशातून जो आवाज निघाला तो मला वहीत लिहिता आलेला नाही.

मग तिने तो प्रश्न विचारलाच. "बाबांचं पत्र मिळालं म्हणून आलीस ना गं?"

तू माझ्याकडे बघितलंस. मी मोजत नव्हतो, पण पुष्कळ वेळ बघितलंस. त्या वेळात तू मला संपवू शकत होतीस. चार शब्दांचं काम होतं, आणि ते चारही खरे होते. तू म्हणालीस, "हो आई. मिळालं. म्हणूनच आले."

आई म्हणाली, "बघ, मी म्हणत होते. मनाने वाईट नाहीत गं."

तू हसलीस. मला तुझा असा राग यापूर्वी कधी आला नव्हता.

नंतर कॉरिडॉरमध्ये तू जे बोललीस ते जसंच्या तसं लिहितो, म्हणजे पुढे वाद नको. "बाबा, तिला ते पत्र बघायचंय. वाचून दाखव म्हणते. उद्या आण म्हणते. मी सांगितलं, घरी विसरले. तुम्ही लिहा. मागची तारीख टाका. आणि तुमच्यासारखं लिहा, नाहीतर तिला कळेल. पण एक दिवस तुमच्यासारखं लिहू नका."

मी म्हटलं, मी खोटी तारीख टाकत नाही. वजनमापांच्या निरीक्षकासमोर मी कधी काट्यावर खोटा शिक्का मारलेला नाही. तू म्हणालीस, "तिला किती दिवस आहेत ते डॉक्टरांनी तुम्हाला सांगितलंय, मला सांगितलंय. तिला नाही सांगितलं. तेवढं खोटं सगळ्यांना चालतंय. तुमच्या शिक्क्याचं काय घेऊन बसलात?"

शुक्रवारी वजन ३९.६ झालं होतं. दोन्ही वेळा जेवूनही. संघमित्रा म्हणाल्या, आतडं आता अन्न घेत नाही, उशीर झाला. मी विचारलं, किती उशीर? त्या म्हणाल्या, "काका, तुम्हाला त्याचाही आकडा हवाय?"

हवा होता. अजून हवा आहे.

माझ्या अटी मागे घेतलेल्या नाहीत. तू एकही पाळली नाहीस, आणि हे मी विसरणार नाही. हे सगळं संपलं की आपल्याला एकमेकांचं तोंड बघायची गरज नाही, असं तू जाताना म्हणालीस, त्याला माझी हरकत नाही.

सोबत दुसरा कागद आहे; टपालाला वेळ नाही, राजारामच्या हाती पाठवतो. चार प्रती फाडल्या, ही पाचवी. घडी घालून थोडा चुरगाळला आहे, आठ दिवस तुझ्या पर्समध्ये असल्यासारखा. तूच वाचून दाखव. मी त्या वेळी खाली थांबेन.

शरच्चंद्र


मुलुंड (पूर्व)
शनिवार, २७ सप्टेंबर २०२५

चि. शर्मिष्ठा,

अनेक आशीर्वाद.

तू घरी ये.

तुझी खोली आईने रोज पुसून ठेवली आहे. पंखा आवाज करतो, तो मी रविवारी बघतो. दोन वर्षांपूर्वी मी जे बोललो ते बोलायला नको होतं. तू मला वजनकाट्यावाला म्हणालीस, तो मी आहेच; त्यात तुझं काही चुकलं नाही. माझा आवाज तुमच्या सरांसमोर चढला, ते चुकलं. बत्तीस मिनिटं फार झाली.

आई आजारी आहे. तिला तू हवी आहेस. मलाही.

येताना काही आणू नकोस. कधी येतेस ते कळवायचीही गरज नाही. दार उघडंच असेल, मी असेन, आई असेल. आपण तिघं एका वेळी जेवायला बसू, आणि मी काहीही मोजणार नाही.

तुझा,
बाबा